लाइट धरणारा धर्मा

धर्मा भोईर आमच्याकडे पंधरा वर्षं कामाला होता आणि त्याचा एकही फोटो आमच्या घरात नाही. आता बोला! दोन कपाटं भरून कॅसेटी, वर सीडींच्या चळती, सगळ्या वसईची लग्नं आमच्या माळ्यावर. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक लग्नाला हा माणूस हजर होता, आणि दिसत मात्र कुठेच नाही.

माझा नवरा कॉन्रॅड तुस्कानो व्हिडिओ शूटिंग करायचा. आम्ही गिरीजचे, वाडीतले. लग्नं, हळदी, मुलांचा चर्चमधला पहिला ख्रिस्तप्रसाद आणि मर्तिकंसुद्धा. मर्तिकाचं शूटिंग म्हटलं की एव्हरशाईन सिटीतले नवे लोक तोंड वाकडं करतात. पण आमच्यात कुणाचा तरी मुलगा कुवेतला असतो, कुणाचा बोटीवर. बापाला माती द्यायला तो पोचत नाही. मग कॅसेट पाठवायची, म्हणजे तिकडे बसून तरी त्याने रडावं.

धर्मा त्याचा लाइटवाला. म्हणजे हातात हॅलोजनचा दिवा उंच धरायचा, मागे वायरीचं भेंडोळं ओढायचं आणि कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला उभं राहायचं. दिवा असा तापायचा की वैशाखात त्याच्या कानाची पाळी लाल व्हायची. कॉन्रॅडचा कायदा एकच, लाइटवाला चित्रात येता कामा नये. त्याचा हात नाही, सावली नाही, आरशात नाही. चुकून आलाच तर घरी येऊन कॉन्रॅड तेवढा तुकडा कापून टाकायचा. त्या बाबतीत तो शिंप्याहून कडक होता. आवाजही ठेवायचा नाही, वरून गाणी चढवायची.

धर्माला तर पुढे सवयच जडली. कॅमेरा त्याच्याकडे वळला की त्याचे पाय आपोआप मागे जायचे. एकदा आमच्या ओट्यावर मी साधा फोटो काढायला गेले, तर हा बोलता बोलता खांबाआड! मी म्हटलं, "अरे मेल्या, तुला काय कुणी खातंय का?" तो हसला. "वयनी, चुकीच्या जागी उभा राहिलो की माझे पाय मला ऐकतच नाहीत."

तो नायगावच्या पूर्वेकडचा, मिठागराच्या कडेच्या गावातला. बाप लहानपणीच गेलेला. आई जयवंती मिठागरात पाट्या वाहून आयुष्यभर वाकलेली. कामणला एका हळदीत कॉन्रॅडचा पहिला लाइटवाला दारू पिऊन आडवा झाला, तेव्हा पाहुण्यांतला हा एक किडकिडीत माणूस पुढे आला आणि दिवा उचलून उभा राहिला. तो उभाच राहिला, पंधरा वर्षं. इस्त्रीचा शर्ट, खिशात रुमाल, घरचा डबा. यजमानांनी कितीही ओढलं तरी पंगतीत बसायचा नाही. म्हणायचा, तिथे बसलो तर व्हिडिओत येईन.

त्याची एक खोड मात्र कॉन्रॅडला कधी मोडता आली नाही. नवरीवर दिवा टाकायचा तो पायांपासून. आधी जोडवी, मग शालूचा काठ, मग हळूहळू वर, चेहऱ्यापर्यंत. आणि नवरी झाली की हा गडी दिवा फिरवायचा तो थेट मांडवाच्या कोपऱ्यात. हळदीच्या मांडवात विधवा बाया पुढे येत नाहीत, तुम्हाला ठाऊक असेल. स्वतःच्या पोरीची हळद, पण आई मागे कोपऱ्यात, भिंतीला टेकून. धर्मा तिच्यावर उजेड टाकायचा आणि हलायचाच नाही. कॉन्रॅडला झक मारत कॅमेरा तिकडे वळवावा लागे. घरी येऊन तो तणतणायचा, "कॅसेट काय ह्याच्या बापाची?" पण काही वर्षांनी ती म्हातारी गेली की तीच माणसं यायची. तिचा हलता-बोलता तेवढाच तुकडा असायचा ना जगात. मग कॉन्रॅड तो तुकडा मुकाट काढून द्यायचा.

धर्माचं लग्न काही जमलं नाही. एकीला काळा वाटला, दुसरीला धंदा पसंत नव्हता. तो चेष्टेवारी न्यायचा. "माझ्या लग्नात लाइट कोण धरील, वयनी?" मी म्हणायचे, "मी धरीन रे बाबा, आधी मुलगी तर बघ!" आणि त्याची आई एकच धोशा लावून बसलेली, की माझा धर्मा एकदा नवरा होऊन मांडवात बसू दे, मग डोळे मिटायला मोकळी.

दोन हजार नऊच्या मे महिन्यात माझा भाऊ फ्रान्सिस कुवेतहून आला आणि कॉन्रॅडसाठी छोटा लॅपटॉप घेऊन आला. छोटा म्हणजे किती, माझ्या पोळपाटाएवढा. त्यात सीडीसुद्धा जात नव्हती. मी फ्रान्सिसला म्हटलं, "खेळणं आणलंस की काय?" पण त्या खेळण्याने कमाल केली. कॉन्रॅडने जुन्या-नव्या लग्नांचे व्हिडिओ त्यात भरले. घरात इंटरनेट नव्हतंच, आणि त्याची गरजही नव्हती. बटण दाबलं की लग्न सुरू. तेव्हा वसईत दुपारी तास न् तास लाइट जायची. टीव्ही मुका, पंखा बंद, माणसं दारात वारा घेत बसलेली, आणि आमचं हे पोळपाट मात्र बॅटरीवर वाजतंय.

दाखवायला न्यायचं काम धर्माकडे आलं. कापडी पिशवीत घालून तो घरोघरी जायचा. "वयनी, ह्याच्यापेक्षा माझा डबा जड," म्हणायचा. लोकांनी व्हिडिओ बघून पसंत केला की मगच कॉन्रॅड सीडी बनवायचा. धर्मा तो लॅपटॉप आधी घरातल्या म्हातारीच्या मांडीवर ठेवायचा. जिला टीव्हीसमोर बसवत नाही, जी खाटेवर पडून आहे, तिच्या पोटाशी तो उघडा करायचा आणि स्वतः मागे सरकून उभा राहायचा.

गणपतीत त्याला कावीळ झाली. आधी झाडपाला केला, मग आमच्या शिव्या खाऊन दवाखान्यात गेला, तोवर उशीर झाला होता. आठवडाही काढला नाही. आम्ही दोघं त्याच्या गावी गेलो. कॉन्रॅडने साऱ्या वसईची मर्तिकं टिपली होती, त्या दिवशीही त्याने कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली होती. पण ती उघडली नाही. घाटावर तो कॅमेऱ्याची बॅग छातीशी धरून उभा राहिला, आणि रडताना मी त्याला तेव्हाच बघितलं.

दिवाळीनंतर एका दुपारी जयवंतीमावशी आमच्या दारात आली. काठी टेकत, रिक्षा बदलत, भर उन्हात. डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. पाणी प्यायली आणि म्हणाली, "एमिलीबाय, त्या तुमच्या पाटीवर मला माजा धर्मा दाखव."

पाटी म्हणजे लॅपटॉप. मग सगळं सांगितलं. तिला काचबिंदू होता. डॉक्टरने हात टेकले होते, शिमग्यापर्यंत दिसेल तेवढं दिसेल म्हणाला. घरात धर्माचा फोटो म्हणजे मतदार कार्डावरचा, तो निव्वळ काळा डाग. "भिंतीवर लावायला फोटो नसला तं नसला," ती म्हणाली. "पन डोले जायच्या आधी एकडाव त्याला चालता-बोलता बगायचाय. पंधरा वर्सं तो तुमच्या लग्नात व्हता. कटं ना कटं असंलच ना?"

काय सांगणार होते मी तिला? नाही म्हणायला जीभ रेटेना. लाइट गेलेली होती. मी तिला पडवीत बसवलं, लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, शोधू.

आणि आमच्या दुपारी सुरू झाल्या. लाइट जायच्या वेळेला मावशी यायची. वाडीत दुपारी कसं असतं, केळीचं पानसुद्धा हलत नाही, विहिरीवरचा पंप बंद, सगळीकडे चिडीचूप. त्यात आमच्या मांडीवर कुणाची तरी वरात वाजतेय. मी एकेक लग्न लावायचे आणि डोळ्यांत तेल घालून बघायचे. धर्मा नाही. एका ठिकाणी जमिनीवर वायर सरकताना दिसली. एका ठिकाणी भिंतीवर कोपराची सावली आली आणि लगेच चित्र उडालं, म्हणजे कॉन्रॅडची कात्री. मला तेव्हा नवऱ्याचा असा संताप यायचा! "इतकं कसं रे साफ करतोस तू? माणूस आहे की डाग?" तो मान खाली घालून जेवत राहायचा.

मी हरले, पण मावशी हरली नाही. एके दिवशी एका जुन्या लग्नात नवरीच्या जोडव्यांवर उजेड पडला आणि वर चढू लागला, तशी ती म्हणाली, "ह्यो बग. ह्यो माजा धर्मा."

"कुठे, मावशी?"

"अगं उजेड बग ना. कोनाला न दुखवता कसा चढतोय." मग उजेड कोपऱ्यातल्या बाईकडे वळला. मावशी हसली. "आता हात दुखला त्याचा. बग, खांदा बदलला." आणि खरंच, उजेड किंचित हलला होता.

मग आम्ही माणसं बघणं सोडलं आणि उजेड बघू लागलो. तिला चेहरे पुसट दिसत, पण उजेड पक्का दिसे. ती बोलत राही, इथं दमला, इथं कुणीतरी त्याला हटकलं, इथं भूक लागलीय त्याला. मी डोळे पुसत बसायचे. मला वाटलं, चला, एवढं तरी मिळालं बिचारीला.

जानेवारीतली गोष्ट. अशीच दुपार. मी नवीन व्हिडिओ लावला, एव्हरशाईन सिटीतल्या ज्ञानदा नावाच्या मुलीचं लग्न. चांगलं मोठं हॉलमधलं. मी शेंगा सोलत होते. मावशी म्हणाली, "आज लय दमलाय गं."

"कोण?"

"धर्मा. हात थरथरतोय बग."

मी सहज वर बघितलं आणि माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. ज्ञानदाचं लग्न डिसेंबरातलं होतं. धर्माला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. कॉन्रॅडने त्यानंतर लाइटवाला ठेवलाच नव्हता, कॅमेऱ्याच्या डोक्यावरच एक छोटा दिवा बसवला होता. तो दिवा कॅमेरा बघेल तिकडेच बघतो, सगळ्यांच्या तोंडावर पीठ फासल्यासारखा सपाट उजेड. पण इथे उजेड डावीकडून येत होता. जोडव्यांवर पडला. शालूच्या काठावर आला. थरथरत वर चढला. आणि नवरीचा चेहरा झाल्यावर कॅमेरा तिथेच राहिला, उजेड एकटा निघाला आणि हॉलच्या कोपऱ्यात, पांढऱ्या साडीतल्या आजीवर जाऊन थांबला.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भर दुपारी, बरं का, बाहेर लख्ख ऊन होतं. मावशीला मी काहीच बोलले नाही. ती आपली मायेने बघत होती, मध्येच पडद्यावर हात फिरवत होती.

संध्याकाळी मी कॉन्रॅडला बसवून तो तुकडा दाखवला. त्याने बघितला. परत लाव म्हणाला नाही. उठला, ओट्यावर गेला, आणि पाणी घातलेल्या झाडांनाच पुन्हा पाणी घालत राहिला. मी मागे गेले. "हॉलवाल्यांचा दिवा असेल ना?" मी विचारलं. त्याने हो म्हणावं असं मला वाटत होतं.

"नव्हता," तो म्हणाला. "आणि एमिली, हे पहिलं नाही. दिवाळीनंतरचं ते फुलपाड्याचं लग्न बघ."

फुलपाड्याचं बघितलं. ते तर आणखी वाईट होतं. उजेड नवरीकडे धड थांबतच नव्हता. कोपऱ्यात जायचा, तिथे कुणी नसायचं. रिकाम्या खुर्चीवर थांबायचा, मग भिंतीवरून सरकत दुसऱ्या कोपऱ्यात, मग दाराकडे. अंधारात हरवलेली वस्तू चाचपावी तसा. नाचणाऱ्या पोरांच्या डोक्यांवरून तो शोधत होता, आणि एकाही माणसाने मान वर करून बघितलं नव्हतं. त्यांना तिथे दिसलाच नसणार. मी लॅपटॉप बंद केला, उशीचा अभ्रा घालून कपाटात ठेवला, आणि गळ्यातला क्रूस हातात धरून बसले. फादरांना सांगावं असंही मनात आलं. पण सांगणार काय? की आमचा लाइटवाला कामावर यायचा थांबत नाहीये?

दुसऱ्या दिवशी मावशी आली तेव्हा मी खोटं बोलणार होते, पाटी बिघडली म्हणून. पण तिने तोंड वर केलं आणि तिच्या डोळ्यांकडे बघून माझा धीर झाला नाही. ती दार कुठे आणि मी कुठे हे चाचपत होती. डॉक्टरची मुदत खोटी ठरली होती, शिमग्याला अजून अवकाश होता आणि तिचे डोळे चालले होते. मी सगळं सांगून टाकलं. तारखा, डिसेंबर, रिकाम्या खुर्च्या, सगळं.

मला वाटलं ती घाबरेल, किंचाळेल. तिने काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "मला हुडकतोय तो."

"मावशी, काहीतरी काय!"

"अगं, अक्क्या वसईच्या आया बगितल्यान त्यानं. मी कंदी कोनाच्या मांडवात गेलेली नाय. पाट्या वायच्या का लग्नं करत फिरायचं? त्याच्या लग्नाला बसनार व्हते मी कोपऱ्यात. ते लगीन झालाच नाय." तिने माझा हात धरला. तिची बोटं मिठाने कायमची चिरलेली. "कॉन्रॅडला सांग, माजं शूटिंग कर. माज्या घरात, माज्या कोपऱ्यात. एकडाव मी त्याला बगीन आनि तो मला. मंग मेली दुनिया दिसली नाय तरी चालंल."

कॉन्रॅड तयार होईना. त्याची तर पाचावर धारण बसली होती. असल्या गोष्टींना हात लावू नये, मेलेल्याला झोपू द्यावं, एक ना दोन. मी पण तडकले. "पंधरा वर्षं त्याला जिवंतपणी झोपू दिलंस का तू? हळदीत सकाळपर्यंत दिवा धरायला लावलास ना? आता त्याची आई एवढंच मागतेय!" त्यावर त्याने उठून कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली.

आम्ही दुपारीच गेलो. मावशीचं घर म्हणजे दोन खोल्या, मागच्या खोलीला खिडकी नाही. लाइट गेलेली. बाहेर मिठागराचं पांढरं ऊन आणि आत हातभरावरचं दिसत नाही असा काळोख. मावशीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, मांडवातल्या त्या सगळ्या बायांसारखी. चष्मा पुसून घातलेला. म्हणाली, "तुजा तो बारका दिवा नको लावूस."

कॉन्रॅडने दिवा काढून खिशात घातला. नवी कॅसेट आणायला तो विसरला होता, म्हणून बॅगेतली एक अर्धी वापरलेली घातली. आणि अंधारात कॅमेरा सुरू केला. मला तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. फक्त कॅमेऱ्याची लाल टिकली आणि मावशीच्या श्वासाचा आवाज. मग मला जाणवलं, की कॉन्रॅड अर्धं पाऊल उजवीकडे सरकला. डावीकडे जागा करून दिल्यासारखा. पंधरा वर्षं तो असाच सरकत आला होता.

खोलीत हॅलोजन तापल्याचा वास आला. धूळ जळते ना तापलेल्या काचेवर, तो. मी नाकाला पदर लावला आणि उंबऱ्याला धरून उभी राहिले. अंधारातून मावशीचा आवाज आला, अगदी हळू, लेकाला जेवायला वाढताना बोलावं तसा. "वाललास किती रे," ती म्हणाली. कॉन्रॅडच्या डावीकडे बघून म्हणाली असावी. मग ती मुसमुसली. लाल टिकली विझली. कॉन्रॅड बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पिळून काढावा असा झाला होता.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"डोळा मिटून शूट केलं," तो म्हणाला. "मी बघू शकलो नाही."

घरी आल्यावर त्याने कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून लॅपटॉपवर घातली. दुसऱ्या दिवशी त्याचं दुसरीकडे शूटिंग होतं, पहाटेच निघून गेला. संध्याकाळी मी त्याला विचारलं, मावशीचं झालं ना? तो चहाचा कप हातात घेऊन उभा होता. कप खाली ठेवला आणि त्याचा चेहरा एकाएकी पांढराफटक पडला.

"एमिली," तो म्हणाला. "मी ते कापलं."

"काय कापलं?"

"तिच्या चष्म्याच्या काचेत लाइटवाला आला होता. दिवा धरून उभा, पूर्ण, डोक्यापासून पायापर्यंत. मी बघितला, आणि हाताने कापला. रोजच्यासारखा. कापून झालं, सेव्ह केलं, झोपलो." तो आपल्या हाताकडे बघत होता. "आत्ता माझ्या डोक्यात आलं, लाइट धरायला कुणी नव्हतंच."

मी धावत बॅगेकडे गेले. "कॅसेट! मूळ कॅसेट असेल ना?" तो खुर्चीत बसला. असायला हवी होती. पण हा माणूस एकेक कॅसेट दोनदोनदा वापरणारा. सकाळी त्याने तीच कॅमेऱ्यात घातली होती आणि दिवसभर कुणाच्या तरी बारशाचं शूटिंग तिच्यावर करून आला होता. कॉम्प्युटरवर जागा नको म्हणून तिथलंही पुसलं होतं. मी आयुष्यात नवऱ्याला पुष्कळ बोललेय, पण त्या दिवशी नुसती भिंतीवर डोकं टेकून रडले. पंधरा वर्षांत एकदा, फक्त एकदा तो माणूस चित्रात आला होता. आम्ही तो बाहेर काढला.

मावशीकडे मी एकटीच गेले. सांगायला तर हवं होतं. लॅपटॉप पिशवीत, आणि तो एवढासा लॅपटॉप त्या दिवशी मला उचलवत नव्हता. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत आता फक्त उजेड-अंधार उरला होता. मी काही बोलायच्या आधीच तिने मांडी पुढे केली. "लाव."

मी लावलं. काळोख. मग तिच्या पायांवर उजेड आला, भेगाळलेल्या टाचांवर, आणि तिथे बराच वेळ थांबला. लुगड्याच्या काठावरून वर चढला. चिरलेली बोटं. गळ्यातला काळा दोरा. हनुवटी. इतका सांभाळून तो कुठल्या नवरीवरही चढला नसेल. आता चष्म्याला लागणार, आणि चित्राने उचकी दिली. पुढच्या क्षणी चष्मा मावशीच्या हातात होता आणि ती पदराने डोळे पुसत होती. उजेड गेला होता. बास, एवढंच.

"इथं उडाला ना काहीतरी?" मावशीने विचारलं.

"हो, मावशी." मला हुंदका आवरेना. "तिथेच होता तो, तुमच्या चष्म्यात. कॉन्रॅडने कापला. सवयीने कापला हो, हाताने. आणि आता कुठेच नाही."

तिने अंदाजाने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रडतेस कशाला, येडे? मी बगितला त्याला, तवाच, त्या खोलीत. आनि तुजा नवरा कंदी कापायचा? माजा धर्मा दिसला का कापायचा ना?"

"हो."

"मंग जिथं उडतंय तिथं तो हाय. परत लाव."

मी परत लावलं. पाय, काठ, बोटं, हनुवटी, उचकी. ती त्या उचकीशी दर वेळी हसायची. बॅटरी संपेपर्यंत आम्ही तेच बघत बसलो.

शिमग्याच्या आधीच तिची दृष्टी पूर्ण गेली आणि पुढच्या पावसाळ्यात ती स्वतःही गेली. कॉन्रॅडच्या कुठल्याही व्हिडिओत नंतर तसा उजेड आला नाही. आला असता तर मला कळला असता. कॉन्रॅडने कापणं सोडलं. आता त्याच्या लग्नांमध्ये वाढपी येतात, कुत्री येतात, कुणाचं तरी पोर कॅमेऱ्याला जीभ दाखवतं, आणि गिऱ्हाईकं कुरकुरतात. तो ऐकून घेतो.

मी मात्र अजून लाइट गेली की तो लॅपटॉप घेऊन पडवीत बसते. जुनी लग्नं लावते. चित्र उडालं की थांबते, मागे घेते, पुन्हा बघते. किती ठिकाणी उडतं म्हणून सांगू! परवा आमच्याच मुलीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा व्हिडिओ लावला. किती वेळा बघितला असेल तो, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं. केक कापून झालाय, सगळ्यांना देऊन झालाय. मी शेवटचा तुकडा उचलते, हसते, आणि कॅमेऱ्याच्या डावीकडे हात लांब करते. चित्र उडतं. माझा हात तसाच पुढे आहे आणि बोटांत केक नाही.

मला आठवतंय, नको नको म्हणत खाल्ला होता त्याने.